मदत हवी आहे : दगडी जिन्यासाठी टिकाऊ गालिचा कोणता?

परभणीतील आमच्या घराचा जिना शहाबादी फरशीचा असून, पावसाळ्यात त्यावरून आईचा पाय दोनदा घसरल्यामुळे जिन्यावर आणि वरच्या पॅसेजमध्ये गालिचा बसवायचा आहे. आधीची तागाची पट्टी पायरीच्या कडेवर वर्षभरातच विरली आणि काळ्या मातीचा चिखल तिच्यातून कधी निघालाच नाही. पॉलिप्रॉपिलीन (गालिच्याचा एक कृत्रिम धागा) स्वस्त आणि सहसा डाग न धरणारे असले, तरी वर्दळीत लवकर चपटे होते, तर नायलॉनचे तंतू दबूनही पुन्हा उभे राहतात. म्हणून आखूड, घट्ट विणीच्या नायलॉनकडे माझा कल आहे. (फिका रंग कृपया सुचवू नये; आमच्याकडे माणसे शेतातून थेट घरात येतात.) मात्र दगडी पायरीवर गालिचा चिकटवावा, की दांड्यांनी आवळून बसवावा? अनुभवींनी कृपया सांगावे.