पायोनियर चिकन बुडालं कसं?

बी-५०२: काल चेन हॉटेलांचा विषय निघाला होता म्हणून लिहिते. ऐंशीच्या दशकात आम्ही लॉस एंजेलिसला असताना पायोनियर चिकन या तळलेल्या चिकनच्या चेनची पाटी जिकडेतिकडे दिसायची. छपराची घोडागाडी आणि ती हाकणारा आचारी. चिकनचं कोटिंग चांगलं नारिंगी, जाडसर, खडबडीत. डब्याच्या तळाशी पडलेल्या चुऱ्यावरून मुलांची भांडणं व्हायची. मागे गेलो तर त्या जागी सगळीकडे पोपाइज, दुसरीच चिकनची चेन. एवढी चालणारी चेन बुडते कशी?

ए-१०३: केएफसीपुढे टिकली नसेल वहिनी.

सी-२०१: नाही दादा, मला हे पटत नाही. केएफसीची पहिली फ्रँचायझी १९५२ ची. पायोनियर निघालं १९६१ मध्ये, लॉस एंजेलिसच्या इको पार्क भागात. एच. आर. कॉफमन यांनी काढलं, शेजारच्या पायोनियर मार्केटवरून नाव ठेवलं. केएफसी समोर असतानाच ते २७० च्या आसपास दुकानांपर्यंत गेलं. पुढे कॉफमननी चेन विकली आणि ऐंशीचं दशक संपता संपता कंपनी दिवाळखोरीत. लोकांना चव नकोशी झाली म्हणून नव्हे.

ए-७०४: बरोबर. मी फ्रँचायझीच्या धंद्यात होतो, तिथे दुकानदाराचे हाल कसे होतात ते पाहिलंय. घर गहाण ठेवून दुकान टाकायचं, दर महिन्याला विक्रीवर रॉयल्टी भरायची, वर जाहिरातीची वर्गणी. त्या बदल्यात नाव, मसाला आणि जाहिरात मिळणार. वरची कंपनी कोसळली की यातलं काहीच भरवशाचं राहत नाही, पण बँकेचा हप्ता चुकत नाही. याचा मला फार राग येतो.

बी-५०२: मग पोपाइज कुठून आलं?

सी-२०१: तेच सांगतो. पोपाइज अल कोपलँड यांचं, १९७२ मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ सुरू झालेलं. १९८९ मध्ये त्यांनी पोपाइजपेक्षा मोठी असलेली चर्चेस ही चिकनची चेन कर्ज काढून घेतली. कर्ज झेपलं नाही, १९९१ मध्ये दिवाळखोरी. कंपनी सावकारांच्या ताब्यात गेली आणि नाव पडलं अमेरिकाज फेवरेट चिकन. त्याच कंपनीने १९९३ मध्ये पायोनियर विकत घेतलं आणि बहुतेक दुकानांवर पोपाइजची पाटी चढवली. म्हणजे दिवाळखोरीतून नुकती उठलेली कंपनी दुसरी बुडालेली चेन घेते, आणि घेते ती जागांसाठी! कोपलँड मात्र हुशार. कंपनी गेली तरी मसाल्याच्या पाककृतीची मालकी सोडली नाही. पोपाइजला ती शेवटी २०१४ मध्ये ४.३ कोटी डॉलर मोजून घ्यावी लागली.

ए-७०४: आणि पायोनियरच्या पाककृतीसाठी भांडायला कोणीच नव्हतं. खरं नुकसान ते.

डी-४०४: अगदीच संपलं नाही हो काका. लॉस एंजेलिसकडची बॉइल हाइट्स आणि बेल गार्डन्स इथली दोन दुकानं जुन्या नावानेच चालत राहिली. शिवाय इंडोनेशिया! तिथे १९८३ मध्ये पायोनियरची फ्रँचायझी गेली. १९८९ मध्ये तिथल्या कंपनीने नाव बदलून कॅलिफोर्निया फ्राइड चिकन (सीएफसी) केलं. जकार्तात असताना मी सीएफसीमध्ये कितीदा जेवले. कंपनीच्या नावात अजून ‘पायोनिरिंडो’ आहे.

ए-१०३: हे माहीतच नव्हतं. वहिनी, जावईबापू तिकडेच आहेत ना? बेल गार्डन्सला नक्की जाऊन या.

बी-५०२: डिसेंबरात जातोय. आधी फोन करून विचारायला सांगते, मग फोटो टाकते.