डाईंगच्या बॉयलरचा काळा धूर: आधी बॅग फिल्टर की फायरमनला प्रशिक्षण?

प्रश्न (टॉवेलवाला_सोलापूर):
अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं डाईंग युनिट. ताशी २ टन वाफेचा बॉयलर, हाताने फायरिंग (फायरमन फावड्याने इंधन टाकतो), लाकूड आणि पांढरा कोळसा (शेतकचरा-भुशाच्या दाबून केलेल्या विटा), मागे फक्त सायक्लोन (धूर गरगरा फिरवून राख खाली पाडणारं नळकांडं). प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम, चिमणीच्या तपासणीत आकडा त्याच्या वर जातो. पैसे आधी कुठे घालावेत, बॅग फिल्टरवर (कापडी पिशव्यांतून धूर गाळणारं यंत्र) की फायरमनच्या प्रशिक्षणावर?

भट्टीकाका:
आधी माणसांवर. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. अर्ध्या तासाने एकदम दहा-पंधरा फावडी टाकली की भट्टी गार पडते, दार उघडं राहून थंड हवा शिरते आणि इंधनातून सुटलेला वायू न पेटताच चिमणीत जातो. त्यापेक्षा दर चार-पाच मिनिटांनी दोन-तीन फावडी टाकायची, एकदा डावीकडे, पुढच्या वेळी उजवीकडे. अर्धा थर कायम धगधगता राहतो आणि नव्या इंधनाचा वायू त्याच्यावर जळतो. लाकूड शेडखाली वाळवा, ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. चिमणीतलं तापमान रोज लिहा. ते साधारण २० अंशांनी चढलं तर १ टक्का इंधन वाया चाललंय, नळ्यांवर काजळी बसली असं समजा.

सायक्लोनही तपासा. बॉयलर चालू असताना खालच्या राखेच्या तोंडाजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर तिथून हवा शिरतेय आणि खाली पडलेली राख परत वर उडतेय. रोटरी व्हॉल्व्हची (हवा न शिरू देता राख बाहेर सोडणाऱ्या फिरत्या झडपेची) झीज नाहीतर झाकणाचं खराब पॅकिंग, बहुतेक वेळा यातलंच एक कारण असतं.

फिल्टर_मेंटेनन्स:
पुढे बॅग फिल्टर घेतलात तर सायक्लोन काढू नका, ठिणग्या तिथेच अडतात. पॉलिएस्टरच्या पिशव्या १३० अंशांच्या वर टिकत नाहीत, आणि वायू फार गार झाला तर ओल धरून राख लिंपते. पिशव्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक १५० मिलिमीटर पाण्याच्या (दाब मोजायचं माप) वर गेला की पल्सची, म्हणजे पिशव्या झटकणाऱ्या झोताची हवा बघा, ५-६ बार दाब हवा. हे शिकवलेलं नसेल तर ऑपरेटर सरळ बायपास उघडतो (धूर फिल्टर टाळून थेट चिमणीत सोडतो), आणि लाखोंचं यंत्र नुसतं उभं राहतं.

नियम_आणि_धूर:
१९८१च्या हवा कायद्यामुळे यंत्र बसतं, पण ते रोज चालतं का हे वर्षातल्या एक-दोन तपासण्यांत दिसत नाही. गुजरातेत २००९ पासून झालेल्या प्रयोगात तपासनीसाची फी कारखान्याऐवजी सामाईक निधीतून दिली, कारखाने चिठ्ठ्या टाकून वाटले, फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे येऊ लागले आणि प्रदूषणही घटलं. सुरतेत, म्हणजे आपल्याच धंद्याच्या गावात, चिमणीवरच्या सतत मोजणीच्या आधारे २०१९ पासून उत्सर्जन परवान्यांची (ठरावीक धूळ सोडण्याच्या हक्कांची) कारखान्यांमध्ये खरेदी-विक्री सुरू झाली. धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, इथेही हे व्हायला हवं.

तुम्ही चिमणीवर धूलिकण सतत मोजणारा मीटर बसवलात तर डिस्प्ले ऑफिसात नको, फायरमनच्या समोर लावा. फावडं टाकल्यावर आकडा किती उसळतो ते त्याला तिथल्या तिथे दिसेल. आणि लॅबला सांगा, नमुना भट्टी स्थिर असताना घेतात तसा फायरिंग चालू असतानाही घ्या.