पॅरिसचं ब्राँझ की बुडापेस्टचं सोनं?

लांबउडी: भालाफेकीतलं नीरज चोप्राचं बुडापेस्टचं 2023 चं जागतिक सोनं मोठंच, वाद नाही. पण जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतलं भारताचं सगळ्यात भारी पदक कुठलं असं विचारलं, तर माझं मत अंजू बॉबी जॉर्जला. पॅरिस 2003, लांब उडी, 6.70 मीटर, ब्राँझ. फ्रान्सची बार्बर घरच्या प्रेक्षकांसमोर 6.99 वर, रशियाची कोटोवा 6.74. रौप्य चार सेंटीमीटरने हुकलं. त्याआधी या स्पर्धेत आपली पाटी कोरी, आणि पुढचं पदक यायला थेट 2022 उजाडलं. कोच कोण, तर नवराच. एकाच किडनीवर खेळत होते, हे बाईंनी 2020 मध्ये सांगितलं तेव्हा कुठे आपल्याला कळलं!

भालदार: किडनीचं वाचून मलाही भरून आलं होतं. पण ही सहानुभूती झाली. 6.70 ला पॅरिसमध्ये पदक मिळालं, पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये 6.83 मारूनही मिळालं नाही. म्हणजे पॅरिसचं मैदान त्या दिवशी जरा हलकं होतं, एवढं तरी मान्य करा. उलट नीरज ऑलिंपिक विजेता म्हणून उतरलेला. पहिला थ्रो फाउल. दुसरा 88.17. तिसऱ्या फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने 87.82 टाकला आणि माझ्या पोटात गोळा आला. फरक 35 सेंटीमीटरचा, अजून तीन फेऱ्या बाकी!

लांबउडी: हलक्या मैदानाचंच काढलंत तर ऐका. युजीनच्या जागतिक स्पर्धेत 2022 मध्ये नीरजचा थ्रो 88.13, म्हणजे बुडापेस्टपेक्षा फक्त चार सेंटीमीटर कमी. तिथे ग्रेनाडाच्या पीटर्सने 90.54 टाकला म्हणून रौप्य. बुडापेस्टला तोच पीटर्स फायनलही गाठू शकला नाही. मग ते सोनंही हलकं म्हणायचं का?

भालदार: समोरचा ढेपाळला हा नीरजचा दोष नाही हो.

लांबउडी: अंजूचाही नव्हता.

बीडकर: तुमचं चालू द्या. आमच्या मांडव्याच्या अविनाश साबळेला मात्र दोघेही विसरलात. बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा 2022, 3000 मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत), 8:11.20. केनियाचा किबिवोट 0.05 सेकंदाने पुढे, नाहीतर सोनंच होतं. राष्ट्रकुलमध्ये या शर्यतीत केनियाबाहेरच्या कुणाला पदक मिळालं ते 1994 नंतर पहिल्यांदा.

भालदार: राष्ट्रकुल म्हणजे जागतिक स्पर्धा नव्हे. तीन आठवडे आधी युजीनला हाच साबळे अकरावा आला होता.

बीडकर: स्टीपलचेसमध्ये केनियाला गाठलं म्हणजे जगाला गाठलं.

भालदार: युजीनला जिंकला तो एल बक्काली. मोरोक्कोचा.

बीडकर: बरं, तो मुद्दा तुमचा. पण युजीनची शर्यत रेंगाळली होती, विजेत्याचीच वेळ 8:25 च्या पुढे. शेवटच्या झटक्यात ज्याचे पाय चालले तो जिंकला. बर्मिंगहॅमला वेग होता, म्हणून तर राष्ट्रीय विक्रम झाला. आता मला सांगा, अस्सल शर्यत कुठली?

लांबउडी: बीडकर, यावर वेगळा धागा काढा. तिथे मी तुमच्या बाजूने.