मदत हवी आहे: डिसेंबरच्या दुपारी मेणबत्त्यांच्या उजेडात चहाला बोलवायचंय (एडिंबरा)

दगडी_जिना:

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिंबरात एका जुन्या दगडी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लेक झाली तेव्हा घरून कुणी येऊ शकलं नव्हतं. त्या दिवसांत जिन्यातल्या शेजाऱ्यांनी आम्हाला अक्षरशः सांभाळलं. दाराशी सुपाचं पातेलं ठेवून जायचे, दुकानातून सामान आणायचे, रात्री लेक रडली तर सकाळी येऊन विचारपूस करायचे. त्यांना एकदा नीट घरी बोलवायचं हे तेव्हापासून मनात आहे. आता डिसेंबरातला एक शनिवार ठरवलाय. चार शेजारी (त्यातल्या तिघीजणी सत्तरीच्या पुढच्या) आणि इथल्या चार मराठी मैत्रिणी.

जेवणापेक्षा दुपारचा चहाच बरा वाटला. या लोकांना तो ओळखीचा आहे आणि लवकर आटपतो. पण इथे डिसेंबरात पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे चहा चालू असतानाच दिवेलागण होणार. डोक्यावरचा पांढराफटक दिवा लावला की खोलीची सगळी ऊब जाते, म्हणून मेणबत्त्या लावाव्यात असं फार वाटतंय. मदत हवी आहे ती इथेच.

लेक सव्वा वर्षाची आहे, धरून धरून सगळीकडे फिरते. मैत्रिणी साड्या नेसून येणार, त्यांचं आधीच ठरलंय. शेजारच्या एका आजींना ऐकू कमी येतं. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं समजून घेतात, तर मंद उजेडात त्यांचं काय होईल याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्या एकट्या गप्प बसून राहिल्या तर या सगळ्या खटाटोपाला काही अर्थच नाही.

शिवाय खाण्याचं. दोन मैत्रिणी अंडं खात नाहीत, एक जण चीजसुद्धा पाकीट वाचून घेते. ओव्हन लहान आहे. आणि चहा त्यांच्या पद्धतीचा करू की आपला उकळून? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

आल्याचा_चहा:

किती छान बेत आहे! चहाचं सांगते. दोन्ही करा, पण एकाच वेळी नको. सँडविच आणि स्कॉनबरोबर (जॅम आणि साय लावून खायचे छोटे फुगीर पाव) किटलीतला चहा ठेवा. अंधार पडला, बाहेरची थंडी खिडकीला भिडली की शेवटच्या गोडाबरोबर आपला आलं-वेलदोड्याचा उकळलेला चहा, लहान पेल्यांतून. आधी मसाल्याचा दिला तर काकडीच्या सँडविचची चवच लागत नाही.

किटलीसाठी दार्जिलिंग घेणार असाल तर पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा, मग ओता आणि तीन मिनिटांत पानं वेगळी करा. आसाम असेल तर खळखळ उकळतं पाणी आणि चार मिनिटं. एका कपाला साधारण दोन ते अडीच ग्रॅम पत्ती. किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या, त्या थंडीत याने खरंच फरक पडतो. एक लिटरच्या किटलीत पाचच कप निघतात, म्हणून दोन किटल्या हव्यातच. एक टेबलावर टीकोझीखाली (किटलीवर घालायची उबदार टोपी), दुसरी स्वयंपाकघरात तयार.

तुमच्याकडचं पाणी मऊ आहे हे तुमचं भाग्य. मी लंडनला राहते. इथल्या जड पाण्यामुळे काळ्या चहावर तेलकट दिसणारी साय धरते, आणि मेणबत्तीच्या उजेडात ती जास्तच दिसते.

उत्तरायण:

लहान मूल, साड्या, वयस्कर पाहुण्या. माझं स्पष्ट मत, खऱ्या मेणबत्त्या नकोतच. हल्ली बॅटरीच्या छान मिळतात, ज्योत हलल्यासारखी दिसते. भाड्याचं घर असेल तर करारनाम्यातही एकदा बघा, काही घरमालक मेणबत्त्यांना मनाई करतात.

कातरवेळ:

उत्तरायण, काळजी रास्त आहे, पण सगळ्याच बॅटरीच्या लावल्या तर तो उजेड येत नाही हो. मध्यम मार्ग निघतो. मी गेली बरीच वर्षं ॲबर्डीनला आहे आणि थंडीभर अशीच माणसं गोळा करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एडिंबराच्या जुन्या घरांत बैठकीच्या खोलीत बहुतेक बंद केलेली शेकोटी असते आणि तिच्यावर दगडी किंवा लाकडी फळी. तुमच्याकडे असेल तर खऱ्या मेणबत्त्यांची जागा ती. मुलीचा हात पोचत नाही, पदर पोचत नाही. मागे आरसा असला तर पाच मेणबत्त्यांचा उजेड दहांइतका वाटतो. दोन मेणबत्त्यांत किमान चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर एकमेकींच्या उष्णतेने वाकतात आणि भराभरा ओघळतात. फळीच्या वर नाताळची हिरवी माळ किंवा कागदी शोभा टांगायची नाही. खिडकीच्या कठड्यावर कितीही सुंदर दिसलं तरी पडद्यांमुळे नाही, आणि जुन्या सरकत्या खिडक्यांतून वारा येतोच.

टेबलावर खऱ्या तीनच, जाड काचेच्या उभ्या भांड्यांत, ज्योत काठाच्या बरीच खाली राहील अशा. उंच दांड्याच्या मेणबत्त्या टेबलावर नकोत. त्या बरोबर नजरेच्या रेषेत येतात आणि समोरच्याचा चेहराच दिसत नाही. खालच्या तिपाईवर, पुस्तकांच्या कपाटात, मुलीच्या उंचीवर जे काही असेल ते सगळं बॅटरीचं. म्हणजे उत्तरायण यांचंही ऐकल्यासारखं होईल.

सुवासिक मेणबत्ती एकही नको, अगदी एकही. व्हॅनिला-दालचिनीच्या कृत्रिम वासात दार्जिलिंगचा वास मरतो, आणि वयस्कर माणसांना त्याने खोकला येतो. साध्या मेणाच्या घ्या. वात पेटवण्याआधी कापून साधारण पाच-सहा मिलिमीटर ठेवा, लांब वात काजळी धरते. छोट्या टीलाईट (बुटक्या, चपट्या मेणबत्त्या) घेतल्यात तर त्या चारेक तास चालतात, तुमच्या कामाला पुरतात. पण त्यांची पत्र्याची वाटी चांगलीच तापते, प्लास्टिकच्या ट्रेवर ठेवू नका. आणि एका टीलाईटची उष्णता तीस-चाळीस वॅट तरी असते. नऊ-दहा माणसं आणि इतक्या ज्योती म्हटल्यावर हीटर जरा कमी करा आणि खिडकी वरून बोटभर उघडी ठेवा.

आता आजींचं. हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून मनापासून बरं वाटलं, कारण सहसा कुणाच्या हे लक्षात येत नाही. ओठ वाचणाऱ्या माणसाला इतरांच्या चेहऱ्यावर उजेड हवा असतो. म्हणून आजींना खिडकीकडे पाठ करून बसवा आणि त्यांच्या मागे, खांद्याच्या जरा वर, शेड असलेला एक पिवळा दिवा चालू ठेवा. तो उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडेल आणि त्यांच्या डोळ्यांत जाणार नाही. उलटं झालं, म्हणजे बोलणारा दिव्याकडे किंवा खिडकीकडे पाठ करून बसला, तर त्याचा चेहरा काळा पडतो आणि त्यांना काहीच कळत नाही. टेबलाच्या टोकाला न बसवता मधे बसवा, जिच्याशी त्यांचं जमतं तिला समोर. गाणी अजिबात नको, मंद वाद्यसंगीतसुद्धा नको. आणि जिना, पॅसेज, बाथरूम इथले दिवे नेहमीसारखे लख्ख.

दगडी_जिना:

कातरवेळताई, शेकोटीची फळी आहे! वर आरसाही आहे. आजींच्या मागे दिवा ठेवायचं मला कधी सुचलंच नसतं. मी उलट त्यांना दिव्यासमोर बसवणार होते.

स्मोक अलार्म वाजेल का? आमच्याकडे बैठकीच्या खोलीत एक आहे, आणि एक वाजला की घरातले सगळे वाजतात.

उत्तरायण:

स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून तसा नियमच आहे. बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक पॅसेजमध्ये धुराचा, स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. शांतपणे जळणाऱ्या ज्योतीने तो सहसा वाजत नाही. धूर होतो विझवताना. काहीही झालं तरी अलार्म झाकू किंवा काढू नका. आणि एक ओली जाड चादर हाताशी ठेवा, एवढं माझं ऐका.

पुणेकर_काकू:

अगं, विझवताना फुंकायचंच नाही. आपल्याकडे दिवा कधी फुंकून शांत करत नाहीत, तेच इथेही कर. चिमट्याने वात वितळलेल्या मेणात बुडवायची आणि लगेच सरळ करायची. धूर होत नाही, मेण उडत नाही, पुढच्या वेळी पेटतेही पटकन.

साड्यांचं सांगते. पदर पिन करून घ्या किंवा सरळ कमरेला खोचा. जॉर्जेट, नायलॉन, पॉलिएस्टर त्या दिवशी नको. असली कापडं वितळून अंगाला चिकटतात. रेशमी किंवा जाड सुती नेसा, वर लोकरीची शाल. तुमच्या थंडीत तेच शोभेल. चहा ओतायला जी उठेल तिने टेबलावरून हात लांब करायचा नाही, किटली घेऊन पाहुण्याच्या बाजूला जायचं.

समई लावावी का असं मनात येत असेल, तर लाव, पण देवाजवळ, तिच्या जागी. खाण्याच्या टेबलावर शोभेला नको. दिवेलागणीला लेकीला कडेवर घेऊन समई लाव, शेजारणींना बघू दे. त्यांना ते फार आवडेल.

तिखटमीठ:

खाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते!

अंड्याचा प्रश्न सोपा आहे, तुम्ही स्कॉटलंडमध्ये आहात. शॉर्टब्रेडमध्ये अंडं नसतंच. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, १६० अंशांवर फिकट रंगावर भाजायचं. दोन दिवस आधी करून डब्यात ठेवा. त्याच ताटलीत आपली नानकटाई ठेवा, आणि कुणी पुण्याहून येणार असेल तर श्रूजबेरी बिस्किटंही मागवा. इंग्लंडातल्या गावाचं नाव घेऊन पुण्यात मोठं झालेलं बिस्किट म्हटल्यावर शेजारणी नक्की विचारतील, गप्पांना विषय होईल. दुकानातून 'टॅबलेट' आणा. साखर, लोणी आणि कंडेन्स्ड मिल्कची ही स्कॉटिश मिठाई चवीला थेट आपल्या दुधाच्या वडीसारखी लागते.

स्कॉनही बिनअंड्याचे होतात. २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग पीठ (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा), ५५ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळून, २५ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, १५० मिली दूध. मळायचं नाही, फक्त गोळा करायचा. अडीच सेंटिमीटर जाड थापून साचा सरळ खाली दाबायचा, पिळायचा नाही, नाहीतर तिरके फुगतात. वरून अंड्याऐवजी दूध लावा. २२० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. एवढ्यात सात-आठ होतात, तुम्हाला दोन घाणे लागतील. सकाळी कापून कच्चेच फ्रीजरमध्ये ठेवा. पहिला घाणा पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी ओव्हनमध्ये, दुसरा सँडविच चालू असताना. लहान ओव्हनची अडचण राहत नाही, आणि घरभर जो वास येतो तो कुठल्याही सुवासिक मेणबत्तीला येणार नाही. आधी साय की आधी जॅम यावर डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात (डेव्हनला आधी साय, कॉर्नवॉलला आधी जॅम). तुम्ही दोन्ही वाट्या टेबलावर ठेवून मोकळ्या व्हा.

सँडविच तीन प्रकारची पुरेत. काकडी (मीठ लावून पंधरा मिनिटं, मग पुसून कोरडी), आपली हिरवी चटणी-लोणी, आणि चेडर-लोणचं. माणशी बोटासारखे लांबट चार-पाच तुकडे धरा. कडा कापलेल्या एका सँडविचचे तीन होतात, म्हणजे मोठे दोन ब्रेड लागतील. लोणी कडेपर्यंत लावा म्हणजे ब्रेड ओला होत नाही. वर ओलसर पंचा झाकून ठेवा.

पाकीट वाचणाऱ्या मैत्रिणीसाठी: चेडर चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (चीजसाठी दूध फाडायला वापरतात ते) नाही ना ते बघा, शाकाहारी सहज मिळतं. मिन्स पाय (सुक्या फळांचं गोड सारण भरलेला नाताळचा पदार्थ) आणणार असाल तर त्यात कधी कधी गुरांची चरबी असते. लेमन कर्डमध्ये (ब्रेड-स्कॉनला लावायचा लिंबाचा घट्ट गोड पदार्थ) अंडं असतं. मार्शमेलोमध्ये जिलेटिन. बिनअंड्याचं सगळं एका वेगळ्या रंगाच्या ताटलीत ठेवा, मंद उजेडात चिठ्ठी वाचता येत नाही.

आल्याचा_चहा:

वेळ काय ठरवलीये? सत्तरीतल्या शेजारणी रात्रीचं जेवण लवकर घेत असतील, पाच-साडेपाचला. चारला बोलावू नका.

दगडी_जिना:

अडीचला बोलावते. म्हणजे येताना उजेड असेल, जिना नीट दिसेल. सगळ्या बसल्यावर तीनला फळीवरच्या मेणबत्त्या, सँडविच-स्कॉन आणि किटलीतला चहा. पावणेचारला समई, मग मसाल्याचा चहा आणि गोड. पाचपर्यंत सगळ्या आपापल्या घरी, आणि वरच्या मजल्यावरच्या आजींना नवरा हात धरून पोचवून येईल. नाहीतरी लेक तोपर्यंत त्याच्याकडेच असणार.

एक शेवटचं. शेजारणींपैकी एक दूध पीत नाहीत, ओटचं पितात. मसाल्याचा चहा त्यात फाटेल का?

आल्याचा_चहा:

सगळ्यांच्या पातेल्यात घालू नका. पाण्यात आलं, वेलदोडा, पत्ती, साखर घालून पाच मिनिटं उकळा आणि त्यांच्यापुरतं दूध घालण्याआधीच बाजूला गाळा. ओटचं दूध वेगळं गरम करून, उकळी न आणता, शेवटी मिसळा. पाकिटावर 'बरिस्ता' लिहिलेलं घ्या, ते सहसा फाटत नाही. साधं ओटचं दूध उकळलं तर खिरीसारखं चिकट होतं. एकदा आदल्या दिवशी अर्धा कप करून बघा.

दगडी_जिना:

हो, शुक्रवारी करून बघते. आजींच्या मागच्या दिव्याचीही तालीम शुक्रवारी संध्याकाळीच घेते. नवऱ्याला त्यांच्या खुर्चीत बसवते आणि समोर बसून नुसते ओठ हलवते. त्याला कळलं तर जागा पक्की.

सगळ्यांचे मनापासून आभार.