उलट्या बोंबा: नेत्याचा आरोप हाच त्याचा कबुलीजबाब असतो का?

तिरकस

ज्याच्या घरात तीन पिढ्या सत्ता, तोच घराणेशाहीवर तासभर बोलतो. ज्यानं सगळ्या संस्था खिशात घातल्या, तोच लोकशाही धोक्यात आली म्हणून गळा काढतो. आपण 'चोराच्या उलट्या बोंबा' म्हणतो आणि हसून सोडून देतो. मला वाटतं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. हा मुरलेला डाव आहे. नेता विरोधकावर जो आरोप सगळ्यात जोरात करतो, तो खुशाल त्याचा स्वतःचा कबुलीजबाब समजावा.

आदिपर्वातला दुष्यंत आठवा. शाप आणि अंगठी ही कालिदासानं केलेली सोय. महाभारतातल्या राजाला सगळं नीट आठवत असतं. शकुंतला मुलाला घेऊन समोर उभी राहते, तेव्हा तो 'मला नाही आठवत' म्हणतो आणि वर तिलाच खोटारडी ठरवतो. ती ऐकवते: राजा, दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असूनही दिसत नाहीत. 'दिसत असूनही' हे महत्त्वाचं. आपल्या कुसळ-मुसळाच्या म्हणीत तेवढं राहून गेलं.

(चालू पक्षांची नावं कृपया नकोत. नाहीतर मुद्दा बाजूला आणि हाणामारी सुरू.)

निवांत

तुम्ही नेत्यांना फारच हुशार समजता राव. याला डाव कशाला म्हणायचं? फ्रॉइडनं 1890 च्या दशकातच लिहून ठेवलंय की स्वतःतलं जे सहन होत नाही ते माणूस दुसऱ्यावर ढकलतो, आणि आपण ते ढकललंय हे त्याचं त्यालाही कळत नाही. आयुष्यभर पैसे चारून कामं करून घेतलेल्या माणसाला समोरचा फुकट काम करतोय हे खरंच पटत नाही. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात ना. तो खोटं बोलत नसतो, त्याला पिवळंच दिसत असतं.

तिरकस

कावीळवाला रंगाचा डबा घेऊन भिंती पिवळ्या करत हिंडत नाही हो.

31 ऑगस्ट 1939, संध्याकाळ. पोलंडच्या सीमेजवळच्या ग्लायवित्झ गावचं जर्मन रेडिओ केंद्र. एसएसची, म्हणजे हिटलरच्या पक्षाच्या सशस्त्र दलाची, माणसं पोलिश असल्याचं सोंग घेऊन आत घुसली, पोलिश भाषेत घोषणा करायला. घोषणेसाठी नेहमीचा मायक्रोफोन सापडेना. शेवटी वादळाच्या सूचना देण्यासाठी ठेवलेल्या मायक्रोफोनवर भागवावं लागलं आणि जेमतेम काही शब्द बाहेर गेले. आदल्या दिवशी अटक केलेल्या एका पोलंडधार्जिण्या माणसाला मारून त्याचं प्रेत पुरावा म्हणून तिथे टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या, आणि हिटलर संसदेत सांगत होता की गोळीबार आधी त्यांनी केला, आम्ही फक्त उत्तर देतोय. यात न कळत काय झालं, सांगा.

खडूस_मास्तर

ग्लायवित्झ मान्य. पण ते युद्धाचं निमित्त होतं. रोजच्या राजकारणात तुमचा 'कबुलीजबाब' नियम लावून बघा, लगेच तोंडावर आपटतो.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन पक्षाच्या न्यूट गिंग्रिच यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे सभापती जिम राइट यांच्यामागे हात धुऊन लागून त्यांची नीतिमत्ता समितीकडे चौकशी लावली. मुद्दा काय, तर राइट यांचं पुस्तक लोक गठ्ठ्यानं विकत घेत, आणि भाषणाच्या मानधनावरची मर्यादा चुकवायची ती पळवाट होती. 55 टक्के रॉयल्टी! 1989 मध्ये राइट यांनी राजीनामा दिला. पुढे गिंग्रिच स्वतः सभापती व्हायच्या बेतात असताना त्यांच्याच पुस्तकासाठी 45 लाख डॉलर आगाऊ घेण्याचा करार गाजला, बोभाटा झाल्यावर त्यांनी ती रक्कम सोडली. जानेवारी 1997 मध्ये वेगळ्याच प्रकरणात, राजकीय कामाला लावलेला करसवलतीचा पैसा आणि समितीला दिलेली चुकीची माहिती यावरून, सभागृहानं 395 विरुद्ध 28 मतांनी त्यांना ताशेरे आणि 3 लाख डॉलरचा भुर्दंड दिला.

आता सांगा. गिंग्रिच धुतल्या तांदळाचे नव्हते, म्हणून राइट यांच्या पुस्तकाचे गठ्ठे खोटे ठरतात का? बोंब मारणारा चोर असला तरी घरात दुसरा चोर असूच शकतो. 'तूच बघ आधी' हे उत्तर नव्हे, ती पळवाट. आणि ती सर्वात जास्त वापरतात तुमचे नेतेच.

कोरा_कागद

मास्तर, तर्क बरोबर आहे, पण ऐकणारा तर्कानं चालत नाही ना. रकर आणि प्रॅटकॅनिस या दोन संशोधकांनी 2001 मध्ये नेमकं हेच तपासलं. आपण केलेल्या गोष्टीचा आरोप दुसऱ्यावर केला की लोकांच्या नजरेत आरोप करणाऱ्याचा दोष कमी होतो आणि समोरच्याचा वाढतो. आरोप करणाऱ्याच्या हेतूबद्दल आधी शंका निर्माण केली, तरीही! म्हणजे 'लोक दुधखुळे नाहीत, त्यांना कळतं' हे आपलं आवडतं वाक्य इथे फारसं टिकत नाही.

शिवाय पहिला बोलणारा जिंकतो. नंतर खरा आरोप घेऊन आलात, तर लोकांना वाटतं हा नुसता परतफेड करतोय.

सहज_आलो

सगळे एका माळेचे मणी. सोडा हो.

कोरा_कागद

@सहज_आलो, हे एवढं तुमच्या तोंडून निघालं की त्यांचं काम झालं. चिखल दोघांच्या अंगावर सारखाच दिसला पाहिजे, इतकीच त्यांची अपेक्षा असते. ज्याच्या अंगावर मुळात जास्त, त्याचा फायदा.

खडूस_मास्तर

@तिरकस, तुमच्या नियमाचा खरा धोका वेगळाच आहे. 'ज्यात आपण दोषी आहोत त्याचा आरोप दुसऱ्यावर करा' असं हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याचं म्हणून एक वाक्य फिरतं. ते त्यानं म्हटल्याचा पुरावा नाही. 1934 मध्ये न्यूरेंबर्गला तो जे बोलला ते जास्त गमतीचं आहे: पहिल्या महायुद्धात शत्रूनं जर्मनीविरुद्ध वापरलेली सर्वात चलाख युक्ती म्हणजे स्वतः करत असलेल्या गोष्टींचा आरोप जर्मनीवर करणं. म्हणजे 'उलट्या बोंबा मारतात' ही तक्रारसुद्धा त्यानं विरोधकांच्याच गळ्यात बांधली! उद्या तुमचा नियम हातात घेऊन कुठलाही नेता म्हणेल, माझ्यावर भ्रष्टाचाराचा आरोप झाला, म्हणजे तेच भ्रष्ट. संपलं. मग कुणावरच कुणी आरोप करायला नको.

निवांत

हे बरं सापडलं. मी माझी कावीळ अर्धी मागे घेतो.

कोरा_कागद

एक भर. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर बुटारे भागात एक कागद सापडला. लिहिणारा कोण ते माहीत नाही, पण त्यात या तंत्राला चक्क नाव दिलंय: 'आरशातला आरोप'. आपण जे करणार आहोत तेच शत्रू करणार आहे असं सांगा. 22 नोव्हेंबर 1992 ला लेऑन मुगेसेरा या हुतू नेत्याचं गाजलेलं भाषण याच वळणाचं होतं: ते (म्हणजे तुत्सी) आपल्याला संपवणार आहेत, आपण आधी उठायला हवं. 2016 मध्ये त्याला जन्मठेप झाली. मास्तरांचा तर्कदोष परीक्षेत मार्क घालवतो. या आरशानं माणसं मारली.

तिरकस

बरं, 'कबुलीजबाब' हा शब्द मी मागे घेतो. जोशात लिहून गेलो. मग असं म्हणू: आरोपात तारीख, रक्कम, कागद आहे का बघावं. राइट प्रकरणात पुस्तकं मोजता येत होती, टक्केवारी होती. नुसती 'देशद्रोही, लुटारू, हुकूमशहा' अशी विशेषणं असली तर आरसा समजावा.

खडूस_मास्तर

ग्लायवित्झला तारीख होती. जागा होती. तुम्हीच वर लिहिलंत, प्रेतही होतं.

तिरकस

…खरं आहे. मग पुरावा आहे का एवढं विचारून भागत नाही, तो तपासला कुणी हे विचारावं लागेल. ग्लायवित्झला आरोप करणारा, पुरावा ठेवणारा आणि निकाल देणारा एकच होता. राइट आणि गिंग्रिच, दोघांच्याही वेळी समितीत दोन्ही पक्षांची माणसं होती आणि चौकशीला बाहेरचा वकील नेमला होता. 1997 मध्ये सभागृहात बहुमत गिंग्रिच यांच्याच पक्षाचं होतं. त्या 395 मध्ये त्यांचे स्वतःचे बहुतेक सदस्य आले की.

खडूस_मास्तर

हे पटलं. आता त्या 28 जणांची तेव्हाची भाषणं काढून वाचायला हवीत. चौकशी करणाऱ्यांवर त्यांनी कसले आरोप केले होते, त्याची मला फार उत्सुकता आहे.