बॅटमॅनची धून दर वेळी बदलायलाच हवी का?

रातपाखरू:
१९८९च्या ‘बॅटमॅन’ची श्रेयनामावली आठवा. कॅमेरा अंधाऱ्या दगडी खाचांमधून फिरत राहतो, डॅनी एल्फमनची धून खालच्या सुरांत घुटमळते, मग अख्खा ऑर्केस्ट्रा धडाडून उठतो. आणि शेवटी कळतं की त्या खाचा म्हणजे वटवाघळाचं चिन्ह आहे. अंगावर काटा येतो. ही धून सोडून देऊन चित्रपटमालिकेने स्वतःचं नुकसान केलं, असं माझं ठाम मत आहे.

१९९२च्या कार्टून मालिकेने ती सोडली नाही. शीर्षकसंगीत एल्फमनचं, आणि आतल्या संगीताची धुरा शर्ली वॉकरकडे. १९८९च्या चित्रपटात ऑर्केस्ट्राचं संचालन याच बाईंनी केलं होतं, त्यामुळे धागा तुटला नाही. त्याच वर्षी शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका या करमणूक उद्यानात ‘बॅटमॅन: द राइड’ सुरू झाली. खुर्च्या रुळांखाली लटकलेल्या, पाय अधांतरी. अशा बनावटीचा तो जगातला पहिला रोलर कोस्टर. चित्रपटांत मात्र १९९५पासून नवा दिग्दर्शक आला की बहुतेक वेळा पाटी कोरी!

तानपुरा:
ठार असहमत. हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांनी २००५पासूनच्या चित्रपटांत दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनच्या बॅटमॅनला जेमतेम दोन सुरांची खूण दिली, आणि तेच योग्य होतं. हा ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, आईबापांच्या खुनापाशीच अडकलेला आहे, त्याला ऐटबाज लष्करी चालीचं संगीत शोभलंच नसतं. ‘द डार्क नाइट’मध्ये खलनायक जोकर येतो तेव्हा एकच सूर ताणत ताणत नेलाय, कानात सुई सरकवल्यासारखा. त्याच्यासमोर एल्फमनची धून ठेवून बघा, प्रसंगच कोसळेल. माणूस बदलला की सूर बदलणारच.

रातपाखरू:
तानपुरा, प्रसंगाला संगीत शोभतं हे मला मान्यच आहे. पण चित्रपट संपल्यावर काय उरतं? सुपरमॅनला १९७८ साली जॉन विल्यम्सने दिलेली धून २०२५च्या चित्रपटातही ऐकू येते. पोरं ती गुणगुणतात. दोन सूर कोण गुणगुणणार?

तानपुरा:
आणि मधल्या २०१३च्या चित्रपटात झिमरनेच सुपरमॅनलाही नवी धून दिली होती, ते का गाळलंत? गुणगुणता येणं ही जाहिरातीच्या गाण्याची कसोटी. पार्श्वसंगीताला ती लावू नका.

काजळमाया:
दोघंही बॅटमॅनलाच धरून बसलात. खरं काम उपकथांमध्ये, म्हणजे त्याच्या जगातल्या इतर पात्रांच्या गोष्टींमध्ये झालंय. ‘जोकर’ चित्रपटासाठी हिल्डर गुडनाडोटिरने काही संगीत चित्रीकरणाआधीच रचलं होतं. स्वच्छतागृहातला तो संथ नाच वाकीन फिनिक्सने सेटवर तेच संगीत ऐकत केला. तिला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. तिथे बॅटमॅनची जुनी धून घुसवली असती तर आर्थरची, म्हणजे त्या जोकरची, गोष्ट त्याच्या हातातून गेली असती. २०२२च्या ‘द बॅटमॅन’चं संगीत मायकेल जॅकिनोचं आणि त्यातून निघालेल्या ‘द पेंग्विन’ मालिकेचं त्याच्या मुलाचं, मिकचं. घर तेच, तरी आवाज वेगळा. उपकथेने मूळ धुनेचं ओझं वाहू नये.

वाळूघर:
मी अबुधाबीत राहते. यास बेटावरचं वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड हे पार्क २०१८पासून सुरू आहे, सगळं छताखाली, त्यामुळे त्यातल्या गॉथममध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या शहरात, कायम रात्र. राइडवर माणसाला काही मिनिटंच मिळतात. तिथे आर्थरचं दुःख उलगडायला वेळ नसतो, ओळखीची धून एका क्षणात काम करते. काजळमाया, चित्रपटाबद्दल तुमचं पटलं, पण पार्कला तोच नियम लावलात तर नुसता धडधडाट उरेल. मी रातपाखरूंच्या बाजूने.

तानपुरा:
वाळूघर, २००८ची ‘द डार्क नाइट’ कोस्टर बघा. आधी एका खोलीत चित्रपटातला सरकारी वकील हार्वी डेंट पडद्यावर गॉथमकरांना धीर देतो, मग गॉथमच्या रेल्वेच्या डब्यात बसवून अंधारात काटकोनी वळणांवर फेकतात. लोक भेदरतात ते जोकरच्या हाती सापडल्याच्या कल्पनेने. तिथे वीरश्रीची धून वाजली तर भीतीच पळून जाईल.

रातपाखरू:
भेदरलेल्या माणसाला बॅटमॅन येतोय हे कळायला नको का?