मदत हवी आहे: शेजारच्या पोराने एनएफएलला नाव द्यावं का?

बर्फातला_बंडू
मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळतो, ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या फळीत. सहा फूट पाच इंच, ३१२ पाउंड. एनएफएल ही व्यावसायिक लीग; तिच्या ड्राफ्टला, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, नाव द्यायची मुदत जानेवारीच्या मध्यापर्यंत आहे. मी 'डेटा'त काम करतो म्हणून त्याचे वडील माझ्या मागे लागलेत. अहो, मी विम्याचे क्लेम बघतो! पण नाही म्हणवलं नाही, आणि रविवारी ते सगळे आमच्याकडे जेवायला आहेत.
यंदा १२ सामन्यांत त्याच्या बाजूने दोनच सॅक झालेत, म्हणजे समोरच्यांनी क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत दोनदाच पाडलं. चाळीस यार्ड ५.२ सेकंदांत पळतो. पहिल्या राउंडमध्ये जाईल का? हो की नाही तेवढं सांगा, निबंध नकोत.

टॅकल_तात्या
कडेचा टॅकल, त्याच्या आतला गार्ड की मधला सेंटर? डावा की उजवा? हात किती लांब? कितवं वर्ष? समोर कोणत्या दर्जाचे संघ होते? 'आमचा मुलगा बोलिंग टाकतो, टीममध्ये घेतील का' असं विचारल्यासारखं झालंय हे.

कोथरूड_ते_कॅरोलायना
मला वाटलं सॉकरचा धागा आहे. चालू द्या.

बर्फातला_बंडू
लेफ्ट टॅकल. तिसरं वर्ष. बिग टेन, म्हणजे कॉलेजांची मोठी लीग. हात कोण मोजतं?? बाहीचं माप आहे का हे?

टॅकल_तात्या
मोजतात हो. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावतात, इंचाच्या आठव्या भागापर्यंत. टॅकलला ३४ इंचांच्या आसपास हवेत. कारण साधं आहे. कडेने येणाऱ्याचा पंजा आधी तुमच्या छातीवर बसला, की तुम्ही मागे मागे आपल्याच क्वार्टरबॅकच्या मांडीवर जाऊन बसता. २०२५ मध्ये एलएसयू कॉलेजच्या विल कॅम्पबेलचे कंबाइनला ३२ पूर्णांक ५/८ भरले आणि ड्राफ्टपर्यंत तोच विषय चघळला गेला.

नाना_डॅलस
आणि पुढे काय झालं तेही लिहा की तात्या! पेट्रियट्स संघाने चौथ्या नंबरवर उचलला त्याला. रशॉन स्लेटरचे जेमतेम ३३, तो तेरावा गेला आणि लेफ्ट टॅकलच खेळला. ऑरलँडो ब्राउन ज्युनियर २०१८ च्या कंबाइनला चाळीस यार्ड ५.८५ सेकंदांत पळाला, बेंच प्रेस (आडवं पडून वजन उचलणं) फक्त १४ वेळा. लोक हसले. तिसऱ्या राउंडला गेला आणि पुढे प्रो बोल (निवडक ताऱ्यांचा सामना) खेळला. फीत घरी ठेवा, सामने बघा.

टॅकल_तात्या
नाना, त्या ब्राउनचे हात ३५ इंच होते. उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत, आभारी आहे.

नाना_डॅलस
😀 बरं. पण हात आखूड निघाले म्हणून पोरगं वाया जात नाही. झॅक मार्टिन नोत्र दाम कॉलेजात टॅकलच होता. २०१४ मध्ये आमच्या काउबॉइजनी सोळावा घेतला, गार्डला बसवला, सोनं झालं.

रंकाळा_पैलवान
शाळेत कुस्ती खेळलाय का हे कुणीच विचारलं नाही. ट्रिस्टन वर्फ्स आयोवात शालेय कुस्तीचा राज्य विजेता होता. स्टीव्हन नील तर कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. कुस्तीतला जगज्जेता, सरळ पेट्रियट्सचा गार्ड झाला. बूड खाली, पाठ ताठ, समोरच्याच्या आत हात. आमच्या तालमीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. दोन महिने कोल्हापूरला पाठवा.

मृणाल_न्यूजर्सी
डिग्रीला किती क्रेडिट्स उरलेत? दर खेळीला डोक्यावर डोकं आपटायचा खेळ आहे हा. मी आई असते तर आधी ते विचारलं असतं.

बर्फातला_बंडू
मृणालताई, आई नाही, शेजारी आहे मी. सॅक दोनच, याला काहीच किंमत नाही का? वडिलांनी सात मिनिटांचा व्हिडिओ पाठवलाय, त्यात तर समोरच्याला लोळवतोच आहे.

टॅकल_तात्या
हायलाइट्स म्हणजे लग्नाचा अल्बम. पूर्ण सामना मागा. आणि क्वार्टरबॅक दोन सेकंदांत चेंडू फेकून मोकळा होत असेल तर सॅक होणार कुठून? थर्ड अँड लाँगच्या (तिसऱ्या प्रयत्नात बरंच अंतर काढायचं असतं त्या) खेळ्या बघा, तिथे पळवाट नसते. मागे सरकताना पाय तालात पडतात की उड्या मारतो? कंबरेतून वाकतो का? वाकणाऱ्याला एनएफएलवाले आतल्या बाजूने फिरून चकवतात. सरळ छातीवर ढकलत आलं कोणी, तर दोन पावलांत थांबवतो की पाच?

नाना_डॅलस
यावर तात्यांशी सहमत. (नोंद घ्या, पहिल्यांदाच.)

सिएटलचा_सदा
एक सरळ रस्ता आहे. वर्षं शिल्लक असलेल्या खेळाडूंसाठी एनएफएलची सल्लागार समिती असते, कॉलेजमार्फत अर्ज करायचा. उत्तर तीनच प्रकारचं येतं: पहिला राउंड, दुसरा राउंड, नाहीतर 'कॉलेजातच राहा'. केलाय का अर्ज?

बर्फातला_बंडू
थांबा. डिसेंबरात वडिलांनी एक पत्र दाखवलं होतं. त्यात 'स्टे इन स्कूल' होतं. मला वाटलं कॉलेजचंच काहीतरी आहे, अभ्यासाबद्दल.

टॅकल_तात्या
अहो!!! हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! आम्ही इथे इंच मोजतोय.

मृणाल_न्यूजर्सी
बघा, तेही हेच सांगताहेत, डिग्री पूर्ण करा.

सिएटलचा_सदा
ताई, समितीला डिग्रीशी देणंघेणं नाही. पहिल्या दोन राउंडमध्ये दिसत नाही, एवढाच अर्थ.

नाना_डॅलस
राउंड सात असतात, बंडू. ईगल्सचा गाजलेला सेंटर जेसन केल्सी २०११ ला सहाव्यात गेला. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, २०१८ ला सातव्यात, २३३ वा. आज ईगल्सचा लेफ्ट टॅकल. नाव देऊन टाकायला सांगा.

टॅकल_तात्या
आणि सातव्या राउंडचे बाकीचे कुठे गेले? त्यांची नावं तुम्हाला आठवत नाहीत, हाच मुद्दा आहे. २०२१ पासून कॉलेजातही स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात, उपाशी राहणार नाहीये तो. माझं मत: राहा, थर्ड अँड लाँग सुधारा, पुढच्या वर्षी सीनियर बोलला (शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा सामना) जा. तिथे एकास एक भिडवतात, सगळं उघडं पडतं.

कोथरूड_ते_कॅरोलायना
अवांतर: ३१२ पाउंडाला जेवायला काय करणार?

बर्फातला_बंडू
थालीपीठं. मागच्या वेळी चौदा खाल्ली आणि बायकोला विचारलं, मेन कोर्स काय आहे.

बर्फातला_बंडू
अपडेट: आज तो आमच्या ड्राइव्हवेतला बर्फ काढून द्यायला आला होता, तेव्हा मोजूनच टाकलं. बायकोची शिवणाची टेप, तो फावडं धरून उभा, मी स्टुलावर. ३१ भरले. संपलं का सगळं?

टॅकल_तात्या
जॅकेट काढलं होतं का? खांद्याच्या हाडापासून मोजलंत की काखेतून?

बर्फातला_बंडू
काखेतून. जॅकेटवरून.

टॅकल_तात्या
परत मोजा.